तांबूचं हँडल

कोपरखारात घड्याळं घरोघरी आहेत, मोबाइल तर माणशी दोन. पण शेतीच्या दिवसांत गाव उठायचं ते तांबूच्या ठसक्यावर. पहाटे पाचच्या सुमाराला रामचंद्र म्हात्र्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून आधी एक ठसका यायचा, मग दुसरा, आणि मग डुग्, डुग्, डुग् असा सूर लागला की तो थेट खाडीपर्यंत जायचा. कोंबडे त्यानंतर आरवत. कोंबड्यांनाही मान राखायची समज होती.

तांबू म्हणजे गाय नव्हे. गाय असती तर एव्हाना तिच्या पणतींनी दूध दिलं असतं. तांबू म्हणजे रामचंद्राचा ट्रॅक्टर. एका सिलिंडरचा, बुटका, अरुंद, आणि एके काळी तांबडा. कुठल्या कंपनीचा ते विचारू नये, कारण कंपनीची पाटी खाऱ्या हवेनं कधीच खाऊन टाकली. त्याला बॅटरी नाही, चावी नाही, बटण नाही. पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालायचं, दाब सोडायचा खटका उचलून धरायचा, हँडल गरगर फिरवायचं आणि वेग आला की खटका सोडायचा. नेमक्या वेळी सोडला तर इंजिन धरतं. जरा आधी सोडला तर हँडल उलटं फिरतं आणि फिरवणाऱ्याचं मनगट घेऊन जातं.

रामचंद्रानं त्र्याऐंशी साली हा ट्रॅक्टर घाटावरच्या एका ऊसवाल्याकडून जुना म्हणून घेतला आणि स्वतः चालवत बोरघाट उतरून आणला. तीन दिवस लागले. गावात शिरला तेव्हा पुढं पोरं, मागं कुत्री आणि सीटवर धुळीनं माखलेला रामचंद्र, असा थाट. तोवर खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या खारट पट्ट्यात, नांगर ओढायचे ते रेडे. गुडघाभर खाऱ्या चिखलात रेड्यामागं दिवस काढलेल्या माणसांनी त्या दिवशी तांबूला हात लावून बघितला. रामचंद्राच्या बापानं तर ट्रॅक्टरपुढं गवताची पेंढी टाकली. हा विनोद होता की श्रद्धा, यावर गावात अजून दोन तट आहेत.

मग तांबूनं काय नाही केलं. लोखंडी चाकं लावून चिखलणी केली. पिकल्यावर खळ्यात भाताच्या पेंढ्या पसरून त्यांच्यावरून गोल गोल फिरत मळणी केली, आणि त्या फेऱ्या मोजत पोरं उजळणी शिकली. बाजूच्या चाकाला पट्टा लावून भात भरडलं, तळ्यातलं पाणी उपसलं. दोन नवरदेव तिच्यावरून वरातीला गेले. त्यातला एक अजून संसारात आहे.

या सगळ्यात रामचंद्राचं नाव झालं ते हातासाठी. तांबू दुसऱ्या कुणाला धरूच द्यायची नाही. दर खंडेनवमीला विळे-कोयत्यांबरोबर तिची पूजा व्हायची, झेंडूची माळ पडायची आणि मग गावातले तरणे गडी एकेक करून हँडलला झोंबायचे. पोर्टवर ट्रेलर चालवणारे, व्यायामशाळेत दंड फुगवणारे, सगळे. तांबू शिंकायचीसुद्धा नाही. रामचंद्र खुर्चीत बसून बघायचा आणि शेवटी आपला उजवा हात वर करून म्हणायचा, "हात पायजे, बाबांनो. हात."

"मंग दादूस, तुम्ही दाखवा की," असं शेजारचा रघू दरवर्षी न चुकता म्हणायचा. रघूचा कामधंदा लोकांना कोंडीत पकडणं हा, आणि त्यातून सवड मिळाली तर चिंबोऱ्या पकडणं.

"आज खंडेनवमी," रामचंद्र गंभीरपणे सांगायचा. "आजच्या दिवशी हत्याराला विसावा. शास्त्र हाय."

शास्त्र म्हटल्यावर रघू माघार घ्यायचा. एवढं एकच शास्त्र रामचंद्राला पाठ होतं, आणि तेही त्यानंच लिहिलेलं.

कारण खरी गोष्ट अशी होती की रामचंद्राचा उजवा हात वीस वर्षांपूर्वीच गेला होता. धनेश, त्याचा मुलगा, बारावीला होता त्या पावसाळ्यात तांबूचं हँडल उलटं फिरलं. मनगटाचा आवाज त्याच्या बायकोला, जनीला, चुलीपाशी ऐकू आला. रामचंद्रानं गावात सांगितलं, बांधावरून घसरलो. हाडवैद्यानं हाड बसवलं, पण पकड बसवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवता येई, चहाचा कप डाव्यानं धरता येई, पण हँडल त्या हाताला झेपेना. शेतं तर तयार होती. तांबू चालू झाली नाही तर चिखलणी राहणार, आणि गावाला कळलं तर रामचंद्र राहणार नाही, असं त्याचं त्यालाच वाटलं.

दोन दिवस तो शेडमध्ये नुसता बसून होता. तिसऱ्या पहाटे जनी आत आली. उंचीनं रामचंद्राच्या खांद्याला लागणारी, बोलणं मात्र त्याच्या डोक्यावरून जाणारं.

"मना दाखवा," ती म्हणाली.

"बाईमाणसाचं काम न्हाय ते."

"मंग तुमच्या हातानं करा."

रामचंद्रानं दाखवलं. जनीचा हात खटक्यापर्यंत पोचेना, म्हणून त्यानं खटक्याला सुंभाची दोरी बांधून पुढं हँडलपर्यंत आणली. एका हातानं दोरी ओढून धर, दुसऱ्या हातानं फिरव, वेग आला की दोरी सोड, असं सांगितलं. आणि आपण शेडच्या दारात, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. कुणी येतंय का ते बघायला. मागं काय काय झालं कोण जाणे, तिसऱ्या प्रयत्नात तांबू खोकली आणि चालू झाली.

तेव्हापासून रोजचं ठरलं. रामचंद्र दारात पहारा द्यायचा, जनी आत हँडल मारायची, डुग् डुग् सुरू झालं की तो जाऊन सीटवर बसायचा आणि हँडल खांद्यावर टाकून गावातून मिरवत जायचा. वीस वर्षांत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. बघवत नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे रस्ता खरंच बघावा लागायचा, कारण आळीतली नीराबाई पहाटे फुलं चोरायला निघते. एकदा ती अगदी शेडपाशी आली होती. "जनी कुठं गेली सकाळी सकाळी?" तिनं विचारलं. "पूजेला बसलीय," रामचंद्र म्हणाला. आतून त्याच वेळी तांबू खोकली. नीराबाई आठ दिवस गावभर सांगत होती, जनीची पूजा झाल्याशिवाय तो ट्रॅक्टर चालूच होत नाही. इतकं खरं ती आयुष्यात एकदाच बोलली, तेही तिला न कळता.

धनेशलाही जनीनं कधी सांगितलं नाही. सून आली, नेत्रा, तिलाही नाही. जनी एरवी गावातल्या भांडणात दोन्ही बाजूंनी बोलणारी बाई.

रामचंद्राला त्या शेडमध्ये एकच त्रास होता, उंदरांचा. दोरीचं टोक महिन्या-दोन महिन्यांनी कुरतडलेलं सापडायचं. सुंभ विरलेला, दातांच्या खुणा स्पष्ट. तो नवी दोरी बांधायचा आणि उंदरांना शिव्या घालायचा. अलिबागहून सापळा आणला. त्यात भजी लावली, सुका बोंबील लावला, खोबरं लावलं. वीस वर्षांत एक उंदीर सापडला नाही. जनी बोंबील काढून घेऊन चटणी करायची आणि म्हणायची, "हुशार हायेत उंदीर."

आणखी एक नेम होता. खाऱ्यातून आली की तांबूला गोड्या पाण्यानं धुवायची. खारेपाटात गोडं पाणी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. उन्हाळ्यात टँकरसाठी हंड्यांची रांग सकाळपासून लागते, पाव्हण्याला पाणी देतानाही ग्लास जरा रिकामा ठेवतात. त्यात ही बाई रोज चार हंडे ट्रॅक्टरवर ओतते म्हणून गावानं तिला काय काय बोलून घेतलं. पण बाकीची अवजारं गंजून सुपारीसारखी फुटली, आणि तांबू उभी राहिली.

तर यंदाच्या सर्वपित्री अमावास्येला सकाळी सात वाजता रघू बांधावरून धावत आला. चिंबोऱ्या बघायला गेला होता. त्याचा चेहरा बघून लोकांना आधी वाटलं, नेहमीसारखी कुणाची तरी भानगड घेऊन आला असेल.

"खांड जातेय," तो धापा टाकत म्हणाला. "उघाडीच्या पलीकडं. चिंबोरीचं बीळ व्हतं, आता रेडा जाईल एवढं भगदाड हाय."

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, आणि खांड म्हणजे समुद्राच्या बांधाला पडलेली फट. या शब्दावर खारेपाटातला माणूस ताटावरून उठतो. अमावास्येचं उधाण, त्यातही भाद्रपदातलं, वर्षातलं सगळ्यात मोठं. साडेबाराला भरती पुरी होणार होती. बांधाच्या आत तीनशे एकर भात दाण्यात आलेलं. एकदा खारं पाणी आत शिरलं की हे पीक जातंच, पुढची तीन वर्षं तिथं गवतही धड उगवत नाही.

जोळाची हाक गेली. जोळ म्हणजे घरटी एक माणूस बांधावर. ही रीत कुणाच्या पणज्यानं घातली ते कुणाला ठाऊक नाही आणि मोडायची हिंमतही कुणाला नाही. पितरांचं पान वाढायचं तसंच ठेवून लोक निघाले. छपरांवर कावळे वाट बघत बसले. माणसं होती, फावडी होती, रिकाम्या गोणी होत्या. पण माती गावाशेजारच्या टेकडीपाशी आणि खांड दीड किलोमीटर आत, बांधाच्या टोकाला. डोक्यावर वाहून साडेबाराच्या आत होणारं ते काम नव्हतं. जेसीबीचं नाव कुणी काढलंच नाही. मागच्या वर्षी एक बांधावर घातला होता, तो केबिनपर्यंत रुतला आणि त्याला काढायला आणखी दोन आणावे लागले.

गावातल्या तरण्या रितेशनं आपला नवा ट्रॅक्टर काढला. निळा, झळझळीत, सीट अशी की बसणाऱ्याला झोप यावी. पण बांध पणज्याच्या काळातला, रेड्यांच्या जोडीच्या मापाचा. रितेशनं बांधाच्या तोंडाशी नेऊन बघितला तर दोन्ही बाजूंची चाकं निम्मी हवेत. त्यानं तो तसाच मागं घेतला.

मग सगळ्यांच्या तोंडून एकदमच निघालं. तांबू.

नऊच्या सुमाराला अख्खा गाव रामचंद्राच्या अंगणात जमला होता. त्या दिवशी पितरांचं काम म्हणून तांबू पहाटे चालूच केली नव्हती. लोकांनी तिला शेडमधून ढकलत उन्हात आणलं, मागं छोटी ट्रॉली जोडली. रामचंद्र ओसरीवर उभा होता. वय बहात्तर, पण त्या घटकेला पाय नव्वदीतले.

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. "गोणी भरा. मी घेऊन येतो."

"गोणी भरतायत, दादूस. तुम्ही हँडल मारा," रितेश म्हणाला.

"एवढ्या गर्दीत ती बुजते."

"दादूस, ती गाय हाय का?" रघू म्हणाला. मोबाइल काढून तो पुढंच उभा होता. "आज विसावा पण न्हाय, शास्त्र पण न्हाय. आज बघूच दे गावाला तुमचा हात."

कुणीतरी पलंगाखालचं हँडल आणून त्याच्या हातात दिलं. रामचंद्र तांबूपुढं गेला. हँडल भोकात घातलं. उजवा हात त्यावर ठेवला आणि बोटं आवळायला गेला. बोटं अर्ध्यावर थांबली, रोज थांबत तशी. त्यानं डाव्याचा आधार देऊन एक फेरा ओढला. दुसऱ्या फेऱ्याला हँडल हातातून निसटलं आणि दगडावर खण्णकन वाजलं. अंगणात कुणी हसलं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

वाकून उचलताना त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. जनी तिथं उभी होती. हातात खिरीचा डाव. ती त्याच्याकडंच बघत होती, पण नजरानजर होताच तिनं मान वळवली आणि तुळशीकडं बघायला लागली. रामचंद्राला कळलं, ती पुढं येणार नाही. वीस वर्षं जे झाकलं ते ती आपल्या हातानं उघडं करणार नाही. तीनशे एकर खारं झालं तरी हा माणूस स्वतः म्हणेपर्यंत ती तुळशीकडंच बघत राहणार. त्यात त्यांचीही अडीच एकर होती, आणि लावणी तिनंच केली होती.

दूर खाडीकडून भरतीचा वास यायला लागला होता.

रामचंद्रानं हँडल उचललं. आयुष्यभर ते खांद्यावर टाकून तो गावातून फिरला होता. तांबू ते स्वयंपाकघर हे वीस पावलांचं अंतर त्याला बोरघाटाहून लांब वाटलं. जनीपुढं उभा राहून त्यानं हँडल दोन्ही हातांनी पुढं केलं.

"जने, तू मार."

मग लोकांकडं वळला.

"माझा हात धनेशच्या बारावीलाच गेला. तवापासून हीच मारते. रोज."

जनीनं डाव नेत्राच्या हातात दिला. कळशीतल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले, पदर कमरेला खोचला. अंगणातली माणसं आपोआप मागं सरकली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. तांबूपाशी जाऊन तिनं आधी सिलिंडरवर तळवा ठेवला, पोराच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा, आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. मग हँडल बसवलं. अगदी सावकाश अर्धा फेरा देऊन काहीतरी ऐकलं. पुन्हा मागं आणलं.

आणि मग तिनं खटक्याची दोरी उचलून दातांत धरली.

रामचंद्र बघत राहिला. उंदीर, सापळा, भजी, बोंबील, वीस वर्षांच्या शिव्या, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. एका हातानं हँडल फिरतच नव्हतं तिला. दोन्ही हात लागत होते. ते तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यानं कधी विचारलं नव्हतं.

मान मागं ताणून, दोरी दातांत घट्ट धरून जनीनं हँडल फिरवायला सुरुवात केली. त्यानं शिकवलं होतं तसं नाही. तो खांद्यातून झटका द्यायचा. हिला झटका नव्हताच. जातं ओढणारी बाई कमरेतून जशी फिरते तशी ती फिरत होती, पुढं जाताना अंग सैल, मागं येताना अंगाचं सगळं वजन हातांत. एक फेरा, दुसरा, तिसरा. अंगठा बोटांच्याच बाजूला, हँडलला विळखा न घातलेला, म्हणजे उलटं आलंच तर हात सुटावा. बाजूच्या चाकाचा घुमारा वाढत गेला. मानेच्या शिरा दोरीसारख्याच ताणल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, वजन ओल्या भाताच्या गोणीपेक्षा कमी, आणि ते लोखंड तिच्यापुढं ताक घुसळावं तसं फिरत होतं.

मग तिनं तोंड उघडलं. जनीनं तोंड उघडलं की काय होतं, याचा रामचंद्राला जन्माचा अनुभव होता. पण हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दोरी सुटली, खटका पडला, तांबू एकदा ठसकली, दुसऱ्यांदा ठसकली, धुराड्यातून काळ्या धुराचं एक वर्तुळ सुटून आंब्याच्या डहाळीपर्यंत गेलं, आणि डुग्, डुग्, डुग्.

नीराबाईचा हात नमस्कारासाठी वर आला तो छातीपाशीच राहिला. रितेश, ज्यानं तीन खंडेनवम्या या हँडलशी झोंबत घालवल्या होत्या, तो आपलेच तळवे उलटसुलट करून बघत होता. रघूच्या हातात मोबाइल होता, पण चालू करायचं त्याला सुचलं नव्हतं. सरपंचाच्या मांजरीचंही बाळंतपण चित्रित करून गावभर पाठवणारा माणूस तो.

"वयनी," तो शेवटी म्हणाला, आणि मोबाइल खिशात टाकला.

"बघता काय?" जनी सुंभाचा तुकडा थुंकून म्हणाली. "पाणी थांबलंय का तुमच्यासाठी?"

रामचंद्र सीटवर चढला. हात गेला तरी स्टिअरिंग जात नाही. बांधावर दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून तांबू अशी गेली की जणू बांध तिच्या मापानंच घातला होता. पाच खेपा झाल्या. प्रत्येक वेळी तेवढं अंतर उलटं मागं यायचं, कारण बांधावर वळायला जागा कुठली. तिकडं जोळाची रांग लागली होती. गोणी हातोहात पुढं जात होत्या, पोर्टवरचे साहेब आणि शेतावरचे गडी एकाच चिखलात मांडीपर्यंत उभे होते, आणि म्हातारे शिव्या देत गोणी कशा रचायच्या ते सांगत होते. पंधरा वर्षांत असा जोळ झाला नव्हता. काहींना तर आपल्या शेजाऱ्याचं नाव त्या दिवशी कळलं.

साडेबाराला पाणी आलं. बांधाला टेकलं, चढलं, नव्या मातीतून पाझरून दोन-तीन ठिकाणी अश्रूसारखं गळलं. लोक फावडी हातात धरून बघत राहिले. माथ्यापासून चार बोटं खाली पाणी थांबलं. तसंच थांबून राहिलं, जणू आत डोकावून भात कसं आलंय ते बघतंय. मग एक ओली रेघ बांधावर ठेवून ते मागं फिरलं.

संध्याकाळी जनी हंडा घेऊन शेडकडं निघाली तर तिथं आधीच हंडे होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. घरटी एक, गोड्या पाण्याचा, काठोकाठ भरलेला. नीराबाईचा हंडा सगळ्यात मोठा होता आणि त्यावर जास्वंदीचं फूल होतं. कुणाच्या झाडाचं ते विचारण्यात अर्थ नव्हता. जनीनं पदर खोचून पहिला हंडा उचलला. नेत्रानं विचारलं, "आई, एवढं सगळं तांबूवर ओतायचं?"

"चार पुरं झाले. बाकीचे परत दे ज्याचे त्याला," जनी म्हणाली. "गारठेल ती."

रामचंद्रानं कोपऱ्यातला सापळा उचलला, झटकला आणि रघूच्या घरी धाडला. मग खाली बसून दोरीचं ओलं टोक हातात घेतलं. इकडं तिकडं बघून त्यानं ते हळूच आपल्या दातांत धरलं. डिझेल, मीठ आणि काथ्या यांची ती चव त्याच्या डोळ्यांपर्यंत गेली.

"कसं गं धरलंस एवढी वर्षं?" त्यानं विचारलं.

जनी मागचं चाक धूत होती. "दुखायचं आधी," ती म्हणाली. "मंग दाढंत धरायला लागले. व्हा बाजूला, पाय भिजतील."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गाव नेहमीसारखं जागं झालं, पण कुणी अंथरुणात पडून राहिलं नाही. जो तो आपापल्या दारात उभा. रामचंद्राच्या शेडचं दार सताड उघडं होतं आणि आत दिवा लागलेला होता. उंबऱ्यात रामचंद्र उभा होता, वीस वर्षं उभा राहायचा तिथंच. फक्त आज त्याची पाठ रस्त्याकडं होती.